जागेपुरती भूल: कानाची पाळी, मस, गोंदण यांचा उपचार करताना काय विचाराल?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, चहा आला आणि विषय निघाला कानाचा. एक ताई म्हणाली, "माझी पाळी फाटून सात वर्षं झाली. घरात लग्न आहे. सासूबाईंचे झुबे पेटीत पडलेत आणि मी कानावर पदर ओढून फिरायले. टाके घालून घ्यावं म्हणते, पण भुलीची भीती वाटायली. बेशुद्ध केलं आन् उठलेच नाही तर?"

तिच्या शेजारची हसली नाही. तिनं हळूच स्वतःचा पदर बाजूला केला. तिचीही पाळी फाटलेली. मग तिसरीनं सांगितलं, की तिच्या लेकीच्या हनुवटीवरचा मस बाजारात चुना लावून काढला आणि आता तिथं रुपयाएवढा डाग आहे. चौथीची सून पार्लर चालवते. तिनं विचारलं, "गिऱ्हाईक म्हणतं बधिर करायचं मलम लावून मस काढून दे. लावू का?"

एका चहात चार प्रश्न आले आणि चारही एकाच गोष्टीशी येऊन थांबले. ती गोष्ट म्हणजे जागेपुरती भूल, डॉक्टरांच्या भाषेत 'लोकल'. म्हणून या अंकात त्याविषयी सविस्तर लिहिते.

माझ्या कानाची गोष्ट

मीही त्यातलीच. थोरला मुलगा दहा महिन्यांचा असताना त्यानं माझं कानातलं धरून ओढलं. भोक आधीच लांबलं होतं, पाळी खालपर्यंत चिरली. त्यानंतर नऊ वर्षं मी फोटोला उजवीकडून उभी राहिले. शेवटी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि लगेच कात्री हातात घेतली. मला दुखलं. "अजून दुखायलंय" म्हणाले, तर "एवढं सहन करायचं बाई, बाळंतपण केलं ना?" असं उत्तर मिळालं. मी गप्प बसले, दात आवळून टाके घालून घेतले.

पुढं या विषयावर डॉक्टरांशी बोलले, वाचलं, तेव्हा कळलं की फक्त पाच मिनिटं थांबले असते तर मला काहीच दुखलं नसतं. औषध चांगलं होतं, घाई वाईट होती. आणि मला तेव्हा बोलायचं ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

भूल तीन प्रकारची

'भूल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेशुद्ध बाई येते. पण भूल एकच नसते.

पहिली पूर्ण भूल. यात माणूस झोपतो, श्वासाकडेही मशीननं लक्ष ठेवावं लागतं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला ती देतात. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतात आणि उपाशी राहावं लागतं.

दुसरी पाठीतली भूल. सिझर झालेल्या ताईंना ती ठाऊक आहे. पाठीच्या कण्यात सुई देतात, कमरेखालचा भाग बधिर होतो, पण बाळाचं रडणं ऐकू येतं.

तिसरी जागेपुरती भूल. जिथं काम करायचं तेवढीच जागा बधिर होते. तुम्ही जाग्या असता, बोलता, घड्याळाकडे बघता.

ही तिसरी भूल तुमच्यातल्या बहुतेकींनी आधीच घेतलेली आहे. दाढ काढताना हिरडीत इंजेक्शन दिलं आणि ओठ जड झाला, ती हीच. बाळंतपणात खाली टाके घालताना दिली, ती हीच. कुटुंब नियोजनाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, तेव्हा बहुतेक वेळा पोटाच्या तेवढ्या जागेवर हेच औषध आणि सोबत थोडं गुंगीचं औषध देतात. म्हणजे कानाच्या पाळीसाठी मिळणारी भूल ही काही नवी, अनोळखी गोष्ट नाही. कानाला, मसाला, चामखिळीला, गोंदणाला एवढीच भूल लागते. त्यात कुणी बेशुद्ध होत नाही.

दुखणं बंद कसं होतं?

गावातल्या डीपीचा विचार करा. कुणाच्या गल्लीत काम निघालं, तर वायरमन त्या गल्लीचा फ्यूज काढतो. सगळ्या गावाची लाईट जात नाही, तेवढी गल्ली अंधारात जाते. काम झालं की फ्यूज परत बसतो.

आपल्या कातडीपासून मेंदूपर्यंत नसांच्या बारीक तारा आहेत. कुठं टोचलं, भाजलं, की त्या तारेतून निरोप जातो आणि मेंदूला कळतं, दुखतंय. हा निरोप पुढं सरकतो तो नसेवरच्या अगदी सूक्ष्म दारांतून. भुलीचं औषध ती दारं काही वेळ लावून टाकतं. निरोप निघतच नाही. औषध रक्तात वाहून गेलं की दारं पुन्हा उघडतात.

यातून चार गोष्टी समजून घ्या.

एक, औषधाला वेळ लागतो. इंजेक्शननंतर साधारण दोन ते पाच मिनिटं. आमच्या डॉक्टरांनी तेवढी वाट पाहिली नाही.

दोन, दुखणं जातं पण स्पर्श पूर्ण जात नाही. कुणीतरी ओढतंय, दाबतंय असं वाटत राहतं. ते वाटलं म्हणून घाबरू नका. पण टोचल्यासारखं, चिरल्यासारखं दुखलं, तर ती भूल पुरी झालेली नाही.

तीन, असर काही वेळच टिकतो. साध्या इंजेक्शनचा एक ते दोन तास. काही वेळा त्यात अॅड्रेनॅलिन नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. त्यानं रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. पण त्यानं छातीत धडधड होऊ शकते, हात थरथरतात. दोनचार मिनिटांत ते थांबतं. बीपीचा, हृदयाचा त्रास असेल तर म्हणूनच आधी सांगायचं.

चार, पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. पिकलेल्या जागेत आंबटपणा वाढतो आणि औषध नसेत शिरत नाही. कान पिकला असेल आणि डॉक्टर म्हणाले, "आधी गोळ्या घ्या, बरा झाला की या," तर ते टाळाटाळ करत नाहीत. बरोबर सांगतात.

पुण्यातला गाडीवान आणि हे छोटंसं इंजेक्शन

कान जोडणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या पंधरा तऱ्हा सांगितल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रातलीही एक गोष्ट जगभर गाजली. कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान इंग्रजांच्या सैन्यासोबत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढं पुण्याजवळ एका मराठी वैद्यानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हे काम करणारे लोक कुंभार, वीटभट्टीवाल्यांच्या जातीतले होते, असं नोंदलेलं आहे. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आलं. त्यावरून युरोपातले सर्जन नाक करायला शिकले.

पण विचार करा, कपाळाची कातडी सोलली तेव्हा कावसजीला भूल नव्हती. तेव्हा जगात कुणालाच नव्हती. जागेपुरती भूल आली ती १८८४ मध्ये. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. पण कोकेनचं व्यसन लागायचं, विषबाधा व्हायची. आज वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं आणि १९४८ मध्ये बाजारात आलं. आपण त्याला 'झायलोकेन' म्हणूनही ओळखतो. ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे आणि आज जगभर रोज वापरलं जातं.

म्हणून, कुणी "एवढं सहन कर" म्हटलं तर लक्षात ठेवा. कावसजीला सहन करावं लागलं, कारण औषध नव्हतं. आज औषध आहे.

कोणत्या कामाला कशी भूल?

फाटलेली कानाची पाळी. पाळीत बारीक सुईनं एकदोन मिलीलीटर औषध देतात. आधी थोडी आग होते, कारण औषध किंचित आम्लधर्मी असतं. सुई बारीक असली, औषध हळूहळू दिलं आणि आधी बर्फ लावला, तर ही आगही कमी होते. मग फाटलेल्या दोन्ही कडा ताज्या करून, पुढून आणि मागून टाके घालतात. नुसत्या जुन्या कडा एकमेकींना लावल्या तर जुळत नाहीत, त्यावर आधीच कातडी आलेली असते. काम एका कानाला साधारण अर्ध्या तासाचं. टाके आठवड्याभरानं काढतात. नवं भोक लगेच पाडायचं नाही. दोनतीन महिने थांबायचं, आणि तेही टाक्याच्या जुन्या रेषेवर नको, बाजूला. पुन्हा वजनदार झुबे घालायचे तर लग्नापुरते आणि वेल लावून, म्हणजे ओझं केसांवर जातं.

बाजारात कुणी "टाके नको, भूल नको, केमिकल लावून पाच मिनिटांत कान चिकटवतो" म्हणालं, तर थांबा. ते केमिकल बऱ्याचदा अॅसिड असतं. किती लावायचं, किती वेळ ठेवायचं हे चुकलं तर पाळीच जळते. मग जोडायला कातडी उरत नाही.

मस, चामखीळ. मानेवरच्या बारीक लोंबणाऱ्या चामखिळी काढायला काही वेळा नुसतं मलम पुरतं. मोठ्या मसाला इंजेक्शन लागतं, मग मशीननं किंवा कापून काढतात. इथं एक मोठी गोष्ट आहे. प्रत्येक काळा मस साधा नसतो. जो मस वाढतोय, रंग बदलतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, खाजतो, रक्त येतं, तो डॉक्टरांना आधी दाखवायचा आणि काढल्यावर तपासायला पाठवायला सांगायचा. क्वचित तो कर्करोग असू शकतो. चुना-सोडा लावून जाळला तर तपासायला काहीच राहत नाही, आणि डाग मात्र जन्मभर राहतो.

गोंदण. आजीच्या काळात कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदायचे. तेव्हा कौतुक होतं, आता काही लेकींना ते नको असतं. कुणाला जत्रेत हौसेनं काढलेलं नाव नको असतं. गोंदण लेझरनं फिकं होतं, पण एका फेरीत नाही. बऱ्याच फेऱ्या लागतात, दोन फेऱ्यांत सहा ते आठ आठवडे जातात. काळं लवकर जातं, हिरवं आणि रंगीत हट्टी असतं. लेझरचा फटका रबरबँड ताणून सोडल्यासारखा बसतो. त्यासाठी आधी बधिर करणारं मलम, बर्फ किंवा गार हवा वापरतात. पूर्ण पुसलंच जाईल अशी हमी कुणी देत असेल तर सावध व्हा.

हनुवटीवरचे केस. लेझरनं केस काढताना बहुतेक वेळा गारवा पुरतो, भूल लागत नाही. आणि लागू नये यालाही कारण आहे. दुखणं हा आपल्या शरीराचा राखणदार आहे. लेझर जास्त लागलं, कातडी भाजायला लागली, तर आधी तुम्हालाच कळतं. सगळा चेहरा बधिर करून ठेवला तर राखणदार झोपतो आणि भाजल्याचं घरी गेल्यावर समजतं. आपला सावळा रंग असेल तर लेझरची ताकद अजून जपून ठेवावी लागते. म्हणून इथं दुखणं शून्य करायचं नसतं, सोसवेल एवढं ठेवायचं असतं. शिवाय केस अचानक वाढले आणि पाळी अनियमित झाली, तर आधी तपासणी, मग लेझर.

कोड. गोळ्या-मलमांनी न भरलेला आणि वर्षभर न वाढलेला पांढरा डाग असेल, तर मांडीची किंवा नितंबाची बारीक कातडी घेऊन तिथं बसवतात. दोन्ही जागा बधिर करतात. कोड शिवल्यानं पसरत नाही, हेही इथंच सांगते.

वांग. याला भूल लागतच नाही. वांगासाठी मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून महिनोन् महिने चोळू नका. चेहरा आधी उजळतो, मग पातळ आणि लाल होतो.

मलम साधं दिसतं, पण साधं नाही

आता पार्लरवाल्या सुनेचा प्रश्न. उत्तर लांब आहे, पण नीट वाचा.

बधिर करणाऱ्या मलमात लिग्नोकेनच असतं, बहुधा प्रिलोकेन नावाच्या दुसऱ्या औषधासोबत. दोन्ही अडीच-अडीच टक्के. ते जाडसर थर देऊन लावतात, वर प्लास्टिकचा पातळ कागद लावतात आणि तासभर ठेवतात. तासाभरात फक्त काही मिलीमीटर खोलीपर्यंतच बधिरपणा उतरतो. म्हणून पाच मिनिटं लावून पुसलं तर काही उपयोग नाही, आणि कान शिवायला नुसतं मलम पुरत नाही.

पण कातडीवर लावलेलं औषध कातडीवरच राहत नाही. ते रक्तात जातं. जागा जितकी मोठी, थर जितका जाड, वर प्लास्टिक जितका वेळ, तितकं जास्त आत जातं. सोललेल्या, खरचटलेल्या जागेतून तर फारच वेगानं जातं.

अमेरिकेत दोन तरुण मुलींनी, एक २२ वर्षांची आणि एक २५ वर्षांची, लेझरनं पायाचे केस काढायच्या आधी तीव्र बधिर मलम दोन्ही पायांना लावलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि गेल्या. त्यानंतर २००७ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्यानं सगळ्यांना इशारा दिला. २०२४ मध्ये पुन्हा दिला, की सौंदर्याच्या उपचारांसाठी चार टक्क्यांपेक्षा जास्त लिग्नोकेनची मलमं डॉक्टरांशिवाय वापरू नका. अशी जास्त ताकदीची मलमं आज मोबाईलवर ऑर्डर केली की घरी येतात.

तर सुनबाई, तुझ्यासाठी आणि पार्लर चालवणाऱ्या आपल्या सगळ्या ताईंसाठी सांगते. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, मेहंदी, नवरीचा शृंगार हे तुमचं काम, ते अभिमानानं करा. बधिर करून मस काढणं, भुलीचं इंजेक्शन देणं, लेझर मारणं हे तुमचं काम नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून 'हो' म्हणू नका. काही वाईट झालं तर तुमच्याकडे ना ऑक्सिजन, ना सलाईन, ना कायद्याचा आधार. "हे डॉक्टरांचं काम आहे, चला मी सोबत येते" असं म्हणणाऱ्या पार्लरवालीवर बाया जास्त भरवसा ठेवतात.

वजन का विचारतात?

भुलीच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते. साध्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलोला साडेचार मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीलीटरला २० मिलिग्रॅम असतं. आता आपल्या बचत गटाच्या हिशेबासारखाच हिशेब करा. ४० किलोच्या बाईला ४० गुणिले साडेचार, म्हणजे १८० मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलीलीटर. ६० किलोच्या बाईला २७० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिलीलीटर. (अॅड्रेनॅलिन मिसळलेलं असेल तर मर्यादा वेगळी, जास्त असते.)

एका कानाला एकदोन मिलीलीटर लागतात, म्हणजे आपण मर्यादेपासून खूप लांब असतो. म्हणून कान शिवण्याची भूल एवढी सुरक्षित. पण एकाच दिवशी दोन्ही कान, मानेवरच्या पंधरा चामखिळी आणि वरून मलम असं सगळं एकत्र केलं, तर बेरीज वाढते. आपल्या कित्येक ताई चाळीस-पंचेचाळीस किलोच्याच आहेत. "एवीतेवी आलेच आहे तर सगळंच उरकून टाका" असं डॉक्टरांना म्हणू नका. दोन खेपा झाल्या तरी चालतील.

धोक्याच्या खुणा

सगळ्यात जास्त वेळा होतं ते म्हणजे भीतीनं चक्कर येणं. उपाशीपोटी, सकाळी सहाची एसटी पकडून गेलं की हमखास. आडवं झालं, पाय वर घेतले की दहा मिनिटांत बरं वाटतं. जागेपुरत्या भुलीला उपाशी राहायची गरज सहसा नसते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर भाकरी खाऊन जा.

औषध रक्तात जास्त गेलं तर मात्र वेगळ्या खुणा दिसतात. ओठांभोवती आणि जिभेला मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात गुणगुण, डोळ्यांपुढं अंधुक, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, अंग उडणं. यातलं काहीही वाटलं तर त्याच क्षणी सांगा. मलम असेल तर लगेच पुसून टाका. वेळीच कळलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर झटके येतात, हृदयावर परिणाम होतो. ओठ-नखं निळी पडणं हीही मलमातल्या प्रिलोकेनची धोक्याची खूण आहे.

भुलीच्या औषधाची खरी अॅलर्जी फार कमी जणांना असते. पण अंगावर गांधी उठणं, चेहरा सुजणं, घसा आवळल्यासारखा होऊन दम लागणं ही अॅलर्जी समजा. घरी आल्यावर असं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या माणसानं डोक्यावर केस लावून घेतले. तासन् तास काम चाललं. त्यानंतर दोन दिवसांत तो गेला. तीव्र अॅलर्जीचा डॉक्टरांना संशय होता. पुढं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं स्पष्ट केलं, की असे सौंदर्याचे उपचार प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावेत. शहरात, भरपूर पैसे मोजूनही असं होऊ शकतं. म्हणून दवाखान्याची चकचकीत काच बघू नका, आत कोण आहे ते बघा.

जाण्याआधी डॉक्टरांना हे सांगा

- दिवस राहिलेत किंवा पाळी चुकली आहे. हौसेचा उपचार बाळंतपणानंतरही करता येतो.
- अंगावर पाजते आहे.
- बीपी, शुगर, हृदयाचा, लिव्हरचा आजार किंवा फिट येतात.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त सांगा.
- आधी दात काढताना, टाके घालताना कधी त्रास झाला होता.
- जखम भरल्यावर जाड गाठ येते. कान टोचल्यावर अशी गाठ आली असेल तर टाक्यावरही येऊ शकते.

आणि डॉक्टरांना हे विचारा

- इंजेक्शन कोण देणार? तुमचा नोंदणी क्रमांक काय? (विचारायला लाजू नका. खरा डॉक्टर रागावत नाही.)
- औषध कोणतं, किती देणार?
- सुई नवी आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोडा.
- ऑक्सिजन आणि तातडीची औषधं इथं आहेत ना?
- एकूण खर्च किती? टाके काढायचे, ड्रेसिंगचे वेगळे पैसे आहेत का?
- पुन्हा केव्हा यायचं?

टेबलावर झोपल्यावर एकच वाक्य पाठ ठेवा: "डॉक्टर, सुरू करायच्या आधी टोचून बघा. दुखलं तर मी सांगते, थोडं थांबा." एवढंच मी त्या दिवशी म्हणाले असते, तर बस होतं.

घरी आल्यावर

भूल उतरेपर्यंत त्या जागेवर गरम शेक, गरम पाणी नको. भाजलेलं कळणार नाही. ओठाजवळ भूल दिली असेल तर गरम चहा आणि चावायचं खाणं थोडं थांबवा. येताना गाडी स्वतः चालवू नका, गटातली एक मैत्रीण सोबत न्या. भूल उतरल्यावर ठणका लागतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठणका वाढायच्या आत घ्या. हळद, चुना, राख टाक्यावर लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, सूज आली, पू दिसला, ताप आला, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका.

दिवसही बघून निवडा. कापूस वेचणीच्या धांदलीत धूळ आणि घाम टाक्यात जातो. लेझर करायचं तर परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात नको. उन्हानं त्या जागेवर काळे डाग पडतात. हिवाळा बरा.

कुठं जायचं?

आधी आपल्या आशाताईला विचारा, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना दाखवा. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. केसपेपर काढून त्वचेच्या आणि सर्जरीच्या डॉक्टरांना विचारता येतं. मोठं काम असेल तर नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही सोय बघता येते. खासगीत जायचं तर त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच जा, आणि दोन ठिकाणी दर विचारून मग ठरवा. निव्वळ दिसण्यासाठीचे उपचार सरकारी विमा योजनेत सहसा बसत नाहीत, तेव्हा पैशाची तयारी ठेवून जा.

शेवटी, गटाच्या वहीचं बोलते

त्या दिवशी बैठकीत एकीनं विचारलं, "असल्या हौसेसाठी गटातून कर्ज द्यायचं का?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "पोराच्या बारशाला दिलं, बाप्याच्या मोटारसायकलच्या टायरला दिलं. बाईच्या कानाला द्यायला का विचार करायलाव?"

निर्णय प्रत्येक गटानं आपला घ्यावा. शेतीचं, शाळेचं, आजारपणाचं कर्ज आधी, हे खरंच. आणि ज्या ताईला आपलं गोंदण, आपला मस, आपला फाटका कान आहे तसाच बरा वाटतो, तिनं कुणाच्या बोलण्यावरून काही करू नये. पण जिला सात वर्षं कानावरून पदर ओढून बसावं लागतंय, तिची अडचण खोटी नाही. आणि ती अडचण दूर करायला दुखणं सोसण्याची गरज तर अजिबात नाही.

त्या ताईचे टाके पुढच्या आठवड्यात आहेत. मी सोबत जाणार आहे. पाच मिनिटं मोजायला घड्याळ घेऊन.

पुढच्या बैठकीत यावर बोला

१. आपल्या गटात कुणी कान, मस, गोंदण यासाठी बाजारात उपाय केला आहे का? काय अनुभव आला?
२. आपल्या गावात पार्लर चालवणाऱ्या ताईंना हा लेख कोण वाचून दाखवेल?
३. दवाखान्यात सोबत जायला गटातल्या दोन ताईंची नावं ठरवता येतील का?